चासीचा पीळ पुन्हा पुन्हा का येतो : भंगारातल्या सांगाड्यावर हॉट रॉड उभारताना

हॉट रॉड म्हणजे जुन्या सांगाड्यावर मोठे इंजिन बसवून उभारलेली गाडी. तिच्यासाठी भंगारातून आणलेली चासी, म्हणजे गाडीचा तळाचा सांगाडा, घासून साफ केली, चार घोड्यांवर, म्हणजे उभ्या टेकूंवर, चढवली, चारही कोपरे लेव्हलला आणले, दोन्ही कर्ण टेपने मोजून जुळवले, दोन लांब रेलना जोडणाऱ्या आडव्या मेंबरला वेल्डिंगचे टाकेही मारले. आणि पंधरा दिवसांनी काही कामासाठी तीच चासी उचलून पुन्हा घोड्यांवर ठेवली, तर एक कोपरा घोडीला टेकतच नाही. पुन्हा जॅक लावावा, पुन्हा लेव्हल करावी, पुन्हा टाके मारावेत, आणि पुढच्या उचलीला तोच कोपरा पुन्हा हवेत. हा प्रकार आमच्या गाळ्यात तीन वेळा घडला. जुन्या सांगाड्यावर गाडी उभारणाऱ्या इतरांशी बोलल्यावर लक्षात आले की ही अडचण एकट्याची नाही. बहुतेक जण तिला वेल्डिंगचा दोष समजतात आणि मिस्त्री बदलतात. दोष वेल्डिंगचा क्वचितच असतो. चासी मुळात सरळ झालेलीच नसते, चार घोड्यांनी तिला सरळ धरून ठेवलेले असते, आणि कर्ण जुळल्यामुळे आपली फसगत होते. ही फसगत ओळखायची कशी आणि दूर करायची कशी, ते येथे सविस्तर मांडतो.

आधी चासी कोणती, ते सांगणे आवश्यक आहे, कारण सगळ्या जुन्या गाड्यांना हे लागू नाही. पद्मिनी किंवा अँबेसेडर यांना वेगळी चासी नसते, बॉडी आणि तळ एकच असतो, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली तेव्हा ज्यांना हॉट रॉडसाठी स्वस्तात सांगाडे मिळतील असे वाटले होते त्यांच्या हाती फक्त पत्रा लागला. शिडीसारखी स्वतंत्र चासी जुन्या जीपला, हलक्या ट्रकला आणि पन्नासच्या दशकापर्यंतच्या अमेरिकन गाड्यांना मिळते. मुंबईत असे सांगाडे अजून निघतात यालाही कारण आहे : शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. आमची चासी शेव्हरोलेटच्या पिकअपची, उघड्या चॅनलची (म्हणजे एका बाजूने उघड्या रेलची), रिव्हेटने जोडलेली आहे. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, ११६ इंच आहे. हॉट रॉडची परदेशी मापे बहुतेक १९३२ च्या फोर्डवर, म्हणजे १०६ इंची व्हीलबेसवर, बेतलेली असतात. ती पाहून इंजिनची जागा ठरवू नये. स्वतःच्या सांगाड्याची मापे स्वतः घ्यावीत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून पैसे घालणारे मी पाहिले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज नोंदणीचे नियम मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी आहेत. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. त्यामुळे अशी गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, खाजगी जागेत आणि प्रदर्शनात ठेवण्यासाठी आहे, हे मनाशी ठरवूनच सुरुवात करावी. चासी नंबरची जागा ग्राइंडरखाली कधीही आणू नये. तो नंबर आणि खरेदीची पावती यांवरच सांगाडा चोरीचा नाही हे सिद्ध होते.

आता मूळ अडचणीकडे येतो. चौकोन कलला असेल, म्हणजे एक रेल दुसरीच्या पुढे सरकली असेल, तर एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो. टेप हा दोष लगेच पकडते. पण चासी पिळली असेल, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा कोपरा खाली आणि उरलेले दोन वर असतील, तर एका कर्णाची दोन्ही टोके सारखीच खाली गेलेली असतात आणि दुसऱ्याची सारखीच वर, त्यामुळे दोन्ही कर्णांची लांबी तंतोतंत सारखी येते. कर्णाला पीळ दिसतच नाही. त्यातच उघड्या चॅनलची शिडी पिळाच्या बाबतीत अतिशय मऊ असते. खडबडीत रस्त्यावर चारही चाके जमिनीला लागून राहावीत म्हणून जुन्या ट्रकच्या चासीत हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला असे. अशी चासी चार घोड्यांवर ठेवली आणि त्या घोड्या नेमक्या लेव्हलला असल्या, तर ती आपल्या वजनानेच घोड्यांचा आकार घेते आणि बघणाऱ्याला सरळ दिसते. उचलली की ती आपल्या खऱ्या आकाराला परत जाते.

आम्ही पहिल्यांदा स्पिरिट लेव्हल रेलवर ठेवून काम केले, ही आमची पहिली चूक. साठ-सत्तर वर्षांच्या रेलची वरची कड गंजाने खाल्लेली असते; दोन फुटांची लेव्हल तिच्या एका उंचवट्यावर बसते आणि भलताच आकडा दाखवते. दुसरी चूक गाळ्याच्या फरशीची. मुंबईतल्या गाळ्यांच्या फरशीला पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून शटरकडे उतार दिलेला असतो, आणि आम्ही घोड्यांची उंची फरशीपासून मोजत होतो. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी : शंभराला एक एवढ्या उतारावर तीन मीटर लांबीत पाव मिलिमीटरचाही फरक पडत नाही, म्हणून ओळंबा सोडून फरशीवर घेतलेल्या खुणांवरून लांबी आणि कर्ण बिनधास्त मोजता येतात; उंचीत मात्र त्याच उतारामुळे तीन मीटरला तीस मिलिमीटरचा फरक पडतो. लांबी फरशीवर मोजावी, उंची कधीही फरशीवरून मोजू नये. तिसऱ्यांदा हीच कसरत चालली असताना आमचे वेल्डिंगचे मिस्त्री रॉड खाली ठेवून म्हणाले, "साहेब, चासी वाकडी की घोडी वाकडी, ते आधी ठरवा." तेथून काम मार्गी लागले.

ते ठरवण्याची रीत तीन टेकूंची आहे. चासी मागच्या बाजूला दोन घोड्यांवर घ्यावी आणि पुढे एकच टेकू, पुढच्या आडव्या मेंबरच्या बरोबर मध्यावर, द्यावा. तीन टेकूंवर ठेवलेली वस्तू पिळून धरली जाऊ शकत नाही, ती तिच्या मूळ आकारातच बसते. उंची मोजण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्यावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात दहा-बारा मीटर पारदर्शक नळी सहज मिळते. नळी हळूहळू भरावी, एकही बुडबुडा राहू देऊ नये, पाण्यात थोडी निळीची पूड टाकली तर वाचायला सोपे जाते. चासीवर सहा जागा ठरवाव्यात : पुढे दोन, मध्ये दोन, मागे दोन. या जागा रेलच्या कडेवर न घेता कारखान्याने पाडलेल्या, स्प्रिंगच्या हँगरजवळच्या भोकांवर घ्याव्यात. भोक अंडाकार झिजले असेल तर त्यात उतरत्या टोकाचा लोखंडी शंकू बसवून मध्य धरावा. प्रत्येक जागी स्टीलची पट्टी उभी धरून पाण्याची पातळी वाचावी. पट्टी धरणारा आणि नळी धरणारा यांनी जागा बदलून दुसरे वाचन घ्यावे, आणि दोन्ही वाचने एका मिलिमीटरच्या आत जुळल्याशिवाय आकडा वहीत लिहू नये.

मागचे दोन कोपरे आधी नळीने समपातळीत आणावेत. त्यानंतर पुढच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यांत जो फरक येतो, तोच चासीचा खरा पीळ. आमचा डावा कोपरा ११ मिलिमीटर खाली निघाला, म्हणजे साडेतीन सूत. आकडा खरा आहे का, हे तपासण्यासाठी टेकू उलटे करावेत, पुढे दोन आणि मागे मध्यावर एक. तसे केल्यावर मागचा डावा कोपरा तेवढाच वर दिसला पाहिजे. दोन आकडे जुळले नाहीत तर टेकू मध्यावर नाही, किंवा ते आडवे मेंबरच वाकले आहे, असे समजावे. ही मोजणी सकाळी लवकर करावी. तीन मीटरच्या रेलवर एका बाजूने ऊन पडून ती दुसरीपेक्षा वीस अंशांनी तापली, तर तिची लांबी पाऊण मिलिमीटरने वाढते. तेवढ्याने साडेतीन सुतांचा पीळ येत नाही, पण दुपारी घेतलेली आणि सकाळी घेतलेली मापे जुळेनाशी होतात आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

पीळ सापडला की लगेच साखळी आणि जॅक लावून ओढू नये. पीळ कोठून आला, हे आधी पाहावे, आणि रिव्हेटच्या चासीत पहिला संशय रिव्हेटवरच घ्यावा. आमच्या चासीत गिअरबॉक्सखालचे आडवे मेंबर डाव्या रेलला सहा रिव्हेटनी बसलेले होते. वायर ब्रश मारून झाल्यावर त्यातल्या चार रिव्हेटच्या डोक्याभोवती तपकिरी बारीक भुकटी पुन्हा पुन्हा जमताना दिसली. पुसली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे पातळ कडे उमटलेले असे. लहान हातोडीने ठोकल्यावर उजव्या बाजूचे रिव्हेट खणखणत होते आणि डावीकडचे बद्द वाजत होते, बोट ठेवून ठोकले तर पलीकडचे डोके बोटाला थरथरताना जाणवत होते. रिव्हेट तोडून मेंबर वेगळे केले तेव्हा दोन पत्र्यांच्या मध्ये गंजाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा थर निघाला, जुन्या पोळीच्या वाळलेल्या पदरांसारखा, नखाने उचलला तर खपल्या होऊन पडणारा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा काही पट जास्त जागा घेतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तो पत्र्यांच्या फटीत वर्षानुवर्षे फुगत गेला होता आणि त्याने मेंबरचे एक टोक रेलपासून ढकलून तिरके केले होते. दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत साफ करून मेंबर तात्पुरत्या बोल्टनी पुन्हा बसवले आणि तीन टेकूंवर मोजले, तेव्हा ११ मिलिमीटरचे ४ राहिले होते. निम्म्याहून जास्त पीळ ओढाताण न करता गेला. आधीच जॅक लावला असता तर चांगली रेल वाकली असती आणि दोषी सांधा तसाच राहिला असता.

दुसरा संशय जुन्या दुरुस्तीवर घ्यावा. रंग आणि लांबीचा (पुट्टीचा) जाड थर एखाद्याच जागी असेल तर तो खरवडून काढावा. त्याखाली बहुधा अपघातानंतर ठोकलेली पट्टी आणि पट्टीच्या टोकाशी भेग असते. रेलवर वेल्डिंगचा सरळ उभा शिवण मारून बसवलेली पट्टी मी पूर्ण काढायला लावतो, कारण रेल त्या उभ्या रेषेवरच पुन्हा चिरते. नवी पट्टी शंकरपाळ्याच्या आकाराची कापून बसवावी, म्हणजे वेल्डिंगची रेषा तिरकी जाते आणि ताण एका रेषेत साठत नाही. जुना केशरी प्राइमर शिशाचा असू शकतो, त्यामुळे तो ग्राइंडरने उडवू नये, ओला करून खरवडावा आणि तोंडाला चांगला मास्क लावावा.

रेल सडली असेल तर या सगळ्या कष्टाला अर्थ नाही. टोकदार हातोडीने खालची कड फूटभर अंतराने ठोकत जावे. एखाददुसऱ्या जागी खड्डा पडला तर पट्टी बसते, पण फूट-दीड फूट लांबीत पत्रा एक चतुर्थांशाहून जास्त पातळ झाला असेल तर मी ती चासी सोडून देतो.

उरलेला पीळ काढण्यासाठी मागची बाजू जाड आय-बीमला साखळ्यांनी जखडून पुढचा खाली असलेला कोपरा जॅकने वर आणि दुसरा चेन कप्पीने खाली घ्यावा. येथेच ही अडचण पुन्हा उद्भवण्याचे दुसरे कारण आहे. चार मिलिमीटरचा पीळ काढायचा म्हणून चार मिलिमीटर ओढले तर चासी लवचीकपणे जाते आणि सोडल्यावर सगळीच्या सगळी परत येते. पोलादाला कायमचा आकार देण्यासाठी त्याच्या लवचीक मर्यादेपलीकडे न्यावे लागते. आम्ही दहा-दहा मिलिमीटरने वाढवत गेलो, प्रत्येक टप्प्याला साखळी पूर्ण सोडून तीन टेकूंवर मोजले आणि वहीत लिहिले. पहिल्या पाच ओढींत आकडा ढिम्म हलला नाही, त्यानंतर एकेक मिलिमीटर कमी होऊ लागला. एका मिलिमीटरवर थांबलो, कारण उरलेले समायोजन स्प्रिंगच्या बैठकीत पातळ पट्टी घालून होते. गॅसने रेल लाल करून वाकवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो मानत नाही, कारण तापवलेल्या जागी रेल मऊ पडते आणि पुढे तेथेच झुकते. ओढताना साखळीवर गोधडी किंवा ओले पोते टाकावे आणि साखळीच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

आकार आला की मेंबर कायमचे जोडावे. तुटलेल्या रिव्हेटच्या भोकात सैल बोल्ट घालून नट आवळला तर तो सांधा सरकतो आणि महिन्याभरात पीळ परत येतो. भोके रीमरने गोल करून त्यांत घट्ट बसणारे ८.८ ग्रेडचे बोल्ट घालावेत, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा प्राइमर ओला असतानाच सांधा आवळावा.

यानंतर येते रेल बॉक्स करण्याचे काम, म्हणजे उघड्या चॅनलच्या तोंडावर पट्टी वेल्ड करून तिची पेटी करणे. हॉट रॉडमध्ये मोठे इंजिन बसवायचे असल्याने हे करावेच लागते. बॉक्स झालेली चासी पिळाला इतकी ताठ होते की त्या क्षणी जो आकार असेल तो कायमचा गोठतो, म्हणून तीन टेकूंवरची मोजणी नीट आल्याशिवाय बॉक्सिंगची पट्टी कापायलाही घेऊ नये. मुंबईतल्या दारूखाना भागातल्या लोखंडाच्या बाजारातून ३ मिलिमीटरची पट्टी आणावी. रेलच्या जाडीपेक्षा फार जाड पट्टी घेतली तर वेल्डिंग तिच्याकडे ओढते. दोन्ही रेलमध्ये अँगलचे तात्पुरते आडवे आणि तिरके आधार टाक्यांनी बसवून चासी बीमला बांधून घ्यावी. त्यानंतर एका वेळी इंच-दीड इंच शिवण मारावा, डाव्या रेलवर पुढे मारला तर पुढचा उजव्या रेलवर मागे, आणि मारलेली जागा हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय तिच्या शेजारी रॉड टेकवू नये. सलग शिवण मारला तर थंड होताना धातू आखडतो आणि रेल पट्टीच्या बाजूला धनुष्यासारखी वाकते. आमच्या मिस्त्रींना हे काम एका दिवसात उरकता आले असते. आम्ही नऊ दिवस घेतले आणि दर सकाळी सहाही जागा नळीने तपासल्या. ७०१८ क्रमांकाचे वेल्डिंगचे रॉड वापरणार असाल तर उघडे पाकीट पावसाळी हवेत पडू देऊ नका. दमट रॉडमुळे शिवणात भेगा येतात आणि ते भट्टीत भाजूनच वापरावे लागतात. पेटीच्या सर्वांत खालच्या भागात पाणी निघायला भोके ठेवावीत आणि आत मेणाचा फवारा मारावा, नाहीतर बंद पेटीत तोच गंज पुन्हा फुगायला लागेल.

शेवटची तपासणी आधार कापल्यावर करावी, आधी नाही. तात्पुरते अँगल लावलेले असताना घेतलेले माप अँगलचे असते. आम्ही अँगल कापले, चासी चेन कप्पीने पूर्ण उचलली, दोन दिवस लाकडी ठोकळ्यांवर मुद्दाम वेडीवाकडी ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तीन टेकूंवर घेऊन नळी लावली. पुढचे दोन कोपरे दीड मिलिमीटरने वेगळे आले, कर्ण दोन मिलिमीटरने. टेकू उलटे केल्यावरही तेच आकडे आले. त्यानंतर ती चासी चार वेळा उचलली गेली आहे, मागचा ॲक्सल बसला आहे, आणि चौथा कोपरा प्रत्येक वेळी घोडीवर टेकला आहे.